टॉर अडलं तर: मदत कुठे, कशी आणि काय न सांगता मागावी

टॉर ब्राउझर, म्हणजे ओळख आणि ठिकाण लपवून इंटरनेट वापरायचा ब्राउझर, उघडून 'कनेक्ट' दाबलं, पट्टी थोडी पुढे सरकली आणि तिथेच थांबली, की बरेच नवखे लोक समोर दिसेल त्या ग्रुपमध्ये अख्ख्या पडद्याचा फोटो टाकतात आणि खाली लिहितात, 'चालत नाहीये, कुणीतरी मदत करा'. त्या फोटोत संगणकावरचं नाव असतं, शेजारच्या टॅब असतात, कधी उघडा ईमेलसुद्धा असतो. जे लपवायला टॉर घेतलं तेच मदत मागताना जगजाहीर होतं, आणि उत्तर देणाऱ्याला त्या फोटोतून कामाचं काहीच कळत नाही. थोडी तयारी केली तर हे दोन्ही टळतं.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. टॉरचं नेटवर्क जगभर पसरलेल्या हजारो सर्व्हरवर चालतं. त्यांना रिले म्हणतात आणि ते स्वयंसेवक चालवतात. सॉफ्टवेअर सांभाळते टॉर प्रोजेक्ट ही २००६ साली स्थापन झालेली ना-नफा संस्था. इथे तुमचं खातं नसतं, ग्राहक क्रमांक नसतो, 'तुमचा रेकॉर्ड बघून सांगतो' म्हणणारं कुणी नसतं, कारण असा रेकॉर्ड ठेवायचाच नाही हाच या कामाचा पाया आहे. त्यामुळे मदत करणाऱ्याच्या हातात फक्त तुम्ही लिहिलेलं असतं. ते जितकं नेमकं, तितकं उत्तर लवकर मिळतं.

पहिली पायरी: हा बिघाड आहे का, ते बघा

नवख्यांच्या तक्रारींपैकी पुष्कळ तक्रारी बिघाडाच्या नसतातच. खिडकी मोठी केली की पानाभोवती राखाडी पट्ट्या दिसतात. त्या मुद्दाम ठेवलेल्या आहेत. पानाची रुंदी २०० च्या आणि उंची १०० च्या पटीत राहावी, म्हणजे पडद्याच्या मापावरून तुम्ही इतरांपेक्षा वेगळे ओळखू येऊ नये, अशी ती सोय आहे. ब्राउझर बंद केला की हिस्टरी जाते, संकेतस्थळावर तुमचं घड्याळ काही तास पुढे-मागे दिसतं, गूगल वारंवार कोडी घालतं, ईमेल सेवा 'परदेशातून लॉगिन झालं' म्हणून खातं अडवते. हे सगळं अपेक्षित आहे.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, 'सर्किट कितीही वेळा बदललं तरी पहिला रिले तोच का येतो?' तुमची रहदारी तीन रिलेंमधून जाते, त्या वाटेला सर्किट म्हणतात. त्यातला पहिला, म्हणजे गार्ड, दोन-तीन महिने तोच ठेवला जातो. दर वेळी नवा गार्ड निवडला असता, तर कधी ना कधी वाईट हेतूने चालवलेला रिले तुमच्या वाट्याला येण्याची शक्यता वाढत गेली असती. तेव्हा तो हट्टाने बदलायला जाऊ नका. 'ठरावीक देशातूनच बाहेर पडा' अशा ओळी टॉरआरसी या टॉरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये घालायचा सल्ला बऱ्याच व्हिडिओंमध्ये मिळतो. तोही पाळू नका. त्याने ज्या गर्दीत तुम्ही लपता ती लहान होते आणि जोडणी ९५ टक्क्यांवर अडकून पडण्याचं ते एक ठरलेलं कारण आहे.

एखादंच संकेतस्थळ उघडत नसेल, तर पत्त्याच्या पट्टीतल्या सर्किटच्या चिन्हावर टिचकी मारून 'न्यू टॉर सर्किट फॉर धिस साइट' निवडा. दोन-तीनदा करून बघा. अनेक संकेतस्थळं काही एक्झिट रिलेंचे, म्हणजे वाटेतल्या शेवटच्या रिलेंचे, पत्ते अडवतात, सगळ्यांचे नाही. 'न्यू आयडेंटिटी' हे वेगळं बटण आहे. ते सगळ्या टॅब बंद करतं आणि कुकी पुसतं, म्हणून अर्धवट भरलेला फॉर्म उघडा असताना ते दाबू नका. पान उघडतंय पण बटणं चालत नाहीत, व्हिडिओ दिसत नाही, अशी तऱ्हा असेल तर सुरक्षेची पातळी बघा. 'सेफेस्ट'वर जावास्क्रिप्ट सगळीकडे बंद असते, 'सेफर'वर ती एचटीटीपीएस नसलेल्या संकेतस्थळांवर बंद असते.

डॉट ओनियन पत्त्यांचं, म्हणजे फक्त टॉरमधूनच उघडणाऱ्या संकेतस्थळांचं, वेगळं आहे. आजच्या पत्त्यात 'डॉट ओनियन'च्या आधी ५६ अक्षरं-अंक असतात. तुमच्याकडचा पत्ता १६ अक्षरांचा असेल तर तो जुन्या पद्धतीचा आहे. ती पद्धत २०२१ मध्ये बंद झाली आणि तो पत्ता आता कुणालाच उघडणार नाही. त्रुटीच्या पानावर एफ० ते एफ७ असा शेवट असलेला कोड येतो. एफ० आला तर ती सेवा बहुधा बंद आहे. एफ४ म्हणजे मालकाने दिलेली किल्ली लागेल, एफ५ म्हणजे दिलेली किल्ली चुकीची आहे. एफ६ आला तर पत्ता टंकताना किंवा कॉपी करताना गडबड झाली आहे. कोड एफ०चा असेल तर टॉरच्या मदतनिसांना काहीच करता येत नाही. ती सेवा चालवणाऱ्यालाच ती सुरू करावी लागते.

दुसरी पायरी: घड्याळ, जुनी प्रत, अँटिव्हायरस

जोडणीच होत नसेल तर सर्वांत आधी घड्याळ बघा. टॉरला जगभरच्या रिलेंची ताजी यादी लागते. ती दर तासाला नवी निघते आणि तीन तासांपर्यंतच वैध असते. तुमचा संगणक काही तास मागे-पुढे असेल तर त्याच्या लेखी ती यादी एकतर शिळी किंवा भविष्यातली ठरते आणि काम तिथेच थांबतं. इथे एक खाच आहे. घड्याळात वेळ बरोबर दिसते, पण टाइमझोन चुकीचा असतो. कुणीतरी टाइमझोन न बदलता हाताने काटे फिरवलेले असतात. म्हणून वेळ, तारीख, वर्ष आणि टाइमझोन हे चारही तपासा. शक्य असेल तर वेळ आपोआप जुळवण्याचा पर्याय चालू करा. जुन्या संगणकाची मदरबोर्डवरची छोटी बॅटरी गेलेली असेल तर दर वेळी सुरू करताना वर्षच मागे गेलेलं सापडेल.

मग टॉर ब्राउझर आधीपासून चालू आहे का ते पाहा. खिडकी बंद झाली तरी मागे टॉरची प्रक्रिया जिवंत राहते आणि ९१५० क्रमांकाचा पोर्ट धरून बसते. दुसरी प्रत सुरू करायला गेलं की 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' असा संदेश येतो. टास्क मॅनेजरमधून जुनी प्रक्रिया बंद करा, नाहीतर संगणक रीस्टार्ट करा.

अँटिव्हायरस आणि फायरवॉल पुष्कळदा टॉरच्या फाइल चुपचाप उचलून क्वारंटाइनमध्ये टाकतात. 'टॉर अनएक्स्पेक्टेडली एक्झिटेड' असं आलं तर संशय आधी इथे घ्या. अँटिव्हायरस कायमचा बंद करू नका. टॉर ब्राउझरचं फोल्डर त्याच्या अपवादांच्या यादीत घाला. मात्र त्याआधी ही प्रत खरी आहे याची खात्री झालेली हवी.

ती खात्री करायची तर प्रत फक्त टॉर प्रोजेक्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या आणि सोबत दिलेली डिजिटल सही जीपीजी या साधनाने तपासा. सही तपासण्याच्या पायऱ्या आणि किल्लीचा फिंगरप्रिंट त्यांच्याच मदत-पानावर आहेत. ही नुसती औपचारिकता समजू नका. २०२२ मध्ये कॅस्परस्कीच्या संशोधकांनी टॉर ब्राउझरचं एक बनावट इन्स्टॉलर उघड केलं. त्याची लिंक एका चिनी भाषेतल्या यूट्यूब व्हिडिओखाली दिलेली होती आणि ते हिस्टरी व फॉर्ममध्ये भरलेली माहिती साठवून ठेवत होतं. अधिकृत संकेतस्थळ अडवलेलं असेल तर 'गेटटॉर' ही सेवा वापरा. गेटटॉर ॲट टॉरप्रोजेक्ट डॉट ऑर्ग या पत्त्यावर ईमेल करून त्यात तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव लिहायचं, उत्तरात डाउनलोडच्या पर्यायी लिंक येतात.

एवढ्यानेही झालं नाही तर नव्याने बसवा. बुकमार्क आधी बाहेर काढून ठेवा, मग जुनं फोल्डर पूर्ण काढून टाका आणि नवी प्रत रिकाम्या जागी उघडा. जुन्यावर नवी ओतली तर जुन्या सेटिंग तशाच राहतात आणि बिघाडही राहतो. मॅकवर ॲप्लिकेशन काढून भागत नाही. लायब्ररीतल्या ॲप्लिकेशन सपोर्टमधलं टॉरब्राउझर-डेटा हे फोल्डरही काढावं लागतं.

तिसरी पायरी: लॉग वाचायला शिका

लॉग म्हणजे टॉर आपल्या कामाची ओळीओळीने ठेवतं ती नोंद. ही पायरी सर्वांत कामाची, आणि लोक नेमकी हीच टाळतात. सेटिंग्जमध्ये 'कनेक्शन' उघडा, खाली 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'व्ह्यू लॉग्ज' दाबा. 'कॉपी टॉर लॉग टू क्लिपबोर्ड'ने सगळा मजकूर हाती येतो. त्यात 'बूटस्ट्रॅप्ड' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी शोधा आणि शेवटची टक्केवारी पाहा.

५ टक्क्यांवर थांबलं असेल तर पहिल्या रिलेपर्यंत पोचताच येत नाहीये. इंटरनेटच बंद आहे, मध्ये फायरवॉल किंवा प्रॉक्सी आहे, किंवा रिलेंचे पत्ते अडवलेले आहेत. १० किंवा १४ टक्क्यांवर थांबलं तर रिलेशी संपर्क झाला आहे, पण पुढची ओळखपाळख मध्येच कुणीतरी तोडतंय. असं होतं तेव्हा बहुतेक वेळा नेटवर्क चालवणाऱ्याने टॉरची रहदारी ओळखून कापलेली असते. २५ ते ५० च्या दरम्यान अडकलं तर रिलेंची यादी आणि तपशील उतरत नाहीयेत. इथे घड्याळ पुन्हा बघा, नाहीतर जोडणी फार संथ किंवा तुटक आहे. ७५ च्या पुढे गेलं असेल तर पाच-दहा मिनिटं निवांत थांबा. तिथून पुढे अडण्यामागे बहुधा कमजोर नेटवर्क, बंद पडलेला ब्रिज किंवा टॉरआरसीमधली कुणीतरी सुचवलेली ओळ असते.

'क्लॉक' आणि 'स्क्यू' हे शब्द एकाच ओळीत दिसले तर घड्याळाचा प्रश्न आहे, दुसरीकडे शोधू नका.

एक सोपी चाचणी या सगळ्याला जोडून करा: तोच संगणक दुसऱ्या नेटवर्कवर, म्हणजे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, जोडून पाहा. तिथे १०० टक्के झालं तर संगणक निर्दोष आहे आणि दोष पहिल्या नेटवर्कमध्ये आहे. या एका वाक्याने मदत करणाऱ्याची अर्धी प्रश्नोत्तरं वाचतात.

चौथी पायरी: अडवणूक असेल तर ब्रिज

साध्या रिलेंचे पत्ते सगळ्यांना माहीत असतात, म्हणून ते अडवणं सोपं जातं. ब्रिज हे यादीत जाहीर न केलेले रिले. 'कनेक्शन'च्या पानावर आधीच भरलेले ब्रिज निवडता येतात. त्यांचे प्रकार आहेत: ओबीएफएस४ तुमची रहदारी निरर्थक बाइट्ससारखी दाखवतो. स्नोफ्लेक जगभरातल्या स्वयंसेवकांच्या ब्राउझरमधून वाट काढतो आणि ती व्हिडिओ कॉलसारखी दिसते. मीक मोठ्या क्लाउड सेवेआड लपतो, पण फार संथ आहे. वेबटनेल २०२४ मध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि नेहमीच्या एचटीटीपीएस संकेतस्थळासारखा दिसतो. आधीच भरलेले ओबीएफएस४ ब्रिज सर्वांच्याच ब्राउझरमध्ये असल्यामुळे तेही अडवले जातात. तेव्हा नवे मागून घ्या.

नवे ब्रिज ब्राउझरमधूनच मागता येतात. टेलिग्रामवरच्या अधिकृत बॉटकडून किंवा ब्रिजेस ॲट टॉरप्रोजेक्ट डॉट ऑर्ग या पत्त्यावर ईमेल करूनही मिळतात. ईमेल फक्त जीमेल किंवा राइजअपवरूनच स्वीकारली जाते. अडवणाऱ्याने हजारो खाती उघडून सगळे ब्रिज गोळा करू नयेत म्हणून ही अट आहे. पण लक्षात ठेवा, ईमेल सेवेला आणि टेलिग्रामला कळतं की तुम्ही ब्रिज मागितला. तुमच्या परिस्थितीत एवढं कळणंही घातक असेल तर ब्राउझरमधला पर्याय आधी वापरा.

एका वेळी एकच प्रकार बदला आणि प्रत्येक वेळी टक्केवारी टिपून ठेवा. तीन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काम झालं हे तुम्हालाही सांगता येत नाही.

पाचवी पायरी: कुणाला विचारायचं

टॉर प्रोजेक्टचं मदत-पान आधी चाळा, नेहमीचे प्रश्न तिथे सुटतात. नेटवर्कच आजारी आहे का, हे त्यांच्या स्टेटस पानावर दिसतं. त्यावर अडचण जाहीर झालेली असेल तर विचारण्यात वेळ घालवू नका, वाट बघा. थेट माणसाशी बोलायचं तर टेलिग्रामवर टॉर प्रोजेक्टचा सपोर्ट बॉट आहे, फ्रंटडेस्क ॲट टॉरप्रोजेक्ट डॉट ऑर्ग हा ईमेल आहे, आणि आयआरसी या मजकुरी गप्पांच्या सेवेच्या ओएफटीसी जाळ्यावर 'टॉर' नावाची खोली आहे. या सगळ्यांचं नेमकं स्पेलिंग मदत-पानावरूनच उचला, शोधयंत्रातून नाही. एका अक्षराच्या फरकाची बनावट नावं असू शकतात. आयआरसीवर प्रश्न टाकून लगेच निघून जाऊ नका. ज्याला उत्तर येतं तो माणूस कदाचित दोन तासांनी जागा होईल, आणि तुम्ही तिथे नसाल तर त्याचं उत्तर वाया जाईल.

टेल्स ही टॉरवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम वापरत असाल तर त्यातलं 'व्हिस्परबॅक' हे साधन बिघाडाची माहिती स्वतःच गोळा करून सांकेतिक रूपात पाठवतं. टेल्स २०२४ मध्ये टॉर प्रोजेक्टमध्ये विलीन झालं आहे. ऑर्बॉट, म्हणजे फोनवरच्या इतर ॲपची रहदारी टॉरमधून नेणारं ॲप, मात्र गार्डियन प्रोजेक्टचं आहे, त्याचे प्रश्न तिकडे विचारा. अँड्रॉइडवर ऑर्बॉट मधूनच बंद पडत असेल तर विचारण्याआधी त्याच्यासाठी बॅटरी वाचवण्याची सोय बंद करून बघा. आयफोनवर अधिकृत टॉर ब्राउझर नाही. तिथे टॉर प्रोजेक्ट ओनियन ब्राउझर सुचवतं, तेव्हा तिथे 'टॉर ब्राउझर' नावाने काही दिसलं तर ते घेऊ नका.

कुणीही स्वतःहून खासगी संदेश पाठवून संगणकाचा ताबा मागितला, पासवर्ड मागितला किंवा 'फी' मागितली, तर संभाषण तिथेच संपवा. टॉरची मदत फुकट असते आणि तिला तुमच्या पडद्यात शिरायची गरज कधीच पडत नाही. काही गोष्टी त्यांच्याही हातात नसतात. ओनियन दुकानात बुडालेले पैसे, तुमचं अडकलेलं सोशल मीडिया खातं, किंवा टॉरवरून त्रास देणाऱ्याचा ठावठिकाणा, यातलं काही ते मिळवून देऊ शकत नाहीत.

सहावी पायरी: काय लिहायचं, काय गाळायचं

चांगला प्रश्न असा दिसतो:

'टॉर ब्राउझर १४.५, विंडोज ११. अधिकृत संकेतस्थळावरून घेतला, सही तपासली. परवापर्यंत जोडला जात होता, कालपासून १० टक्क्यांवर थांबतो. घड्याळ व टाइमझोन बरोबर. अँटिव्हायरसच्या अपवादांत फोल्डर घातलं, फरक नाही. हॉटस्पॉटवर तोच ब्राउझर १०० टक्के होतो. घरच्या नेटवर स्नोफ्लेक लावला, २ टक्क्यांच्या पुढे जात नाही. लॉग खाली जोडला आहे.'

यात नाव नाही, गाव नाही, टॉर कशासाठी हवं तेही नाही. तरी वाचणाऱ्याला कळतं की संगणक ठीक आहे, नेटवर्क अडवतंय आणि स्नोफ्लेकही अडकतोय. तो थेट वेबटनेल किंवा नवा ओबीएफएस४ सुचवू शकतो. बहुतेक मदत इंग्रजीत चालते. अशीच छोटी, तुटक वाक्यं इंग्रजीत लिहा, व्याकरणाची काळजी करू नका. त्रुटीचा संदेश मात्र भाषांतर न करता जसाच्या तसा चिकटवा.

लॉग पाठवण्याआधी वरपासून खालपर्यंत वाचा. टॉर स्वतःच बरेच पत्ते झाकून त्या जागी 'स्क्रब्ड' लिहितं, पण सगळं झाकलं जातं असं गृहीत धरू नका. फोल्डरच्या मार्गात तुमचं वापरकर्तानाव येऊ शकतं, ते बदला. तुम्हाला मिळालेल्या खासगी ब्रिजची ओळ आणि त्याचा आयपी पत्ता काढून टाका, नाहीतर तो ब्रिज तुमच्यासकट सगळ्यांसाठी निकामी होतो. ओळींवरची वेळ स्थानिक असेल तर तिच्यावरून टाइमझोन कळतो. ते नको असेल तर तास गाळा, ओळींचा क्रम मात्र तसाच ठेवा. डीबग पातळीचा लॉग कुणी मागितल्याशिवाय देऊ नका, त्यात फार जास्त तपशील असतो.

पडद्याचा फोटो शक्यतो टाळाच, मजकूर कॉपी करा. फोटो देणं भागच असेल तर फक्त त्रुटीची चौकट कापून द्या. नावावर काळी रेघ ओढण्यापेक्षा तो भाग कापून टाकणं बरं, कारण अर्धपारदर्शक ब्रशखालचं अक्षर पुन्हा वाचता येतं. प्रश्नासाठी वेगळं टोपणनाव घ्या. इतर ठिकाणी वापरलेलं नाव तुमचा जुना माग जोडून देतं.

अडवणुकीच्या प्रश्नात देश आणि इंटरनेट कंपनी विचारली जाते, कारण अडवणूक कंपनीगणिक वेगळी असते. सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा. देश सांगून कंपनी न सांगणं हाही मान्य पर्याय आहे. शहर कधीच लागत नाही.

उत्तर आल्यावर

एक-दोन दिवस थांबा. तोच प्रश्न चार ठिकाणी टाकला तर चौघे जण एकच काम करत बसतात. सुचवलेलं करून बघा आणि टक्केवारीत काय फरक पडला ते कळवा. 'नाही झालं' एवढंच लिहिलं तर पुढचं पाऊल ठरवता येत नाही. 'आता १४ पर्यंत गेलं' असं लिहिलं तर ठरवता येतं.

खरोखरच ब्राउझरमधली चूक वाटत असेल तर आधी तेच पान साध्या फायरफॉक्सच्या दीर्घ-आधार आवृत्तीत, म्हणजे ईएसआरमध्ये, उघडून बघा. टॉर ब्राउझर तिच्यावरच बेतलेला आहे. तिथेही बिघडत असेल तर तक्रार फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाकडची आहे. फक्त टॉर ब्राउझरमध्येच बिघडत असेल, तर चूक पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या क्रमाने लिहून टॉर प्रोजेक्टच्या गिटलॅबवर, म्हणजे त्यांच्या चुका नोंदवण्याच्या संकेतस्थळावर, नोंदवा. आणि सापडलेल्या चुकीतून कुणाचा आयपी उघडा पडत असेल, तर ती चारचौघांत मांडू नका. सुरक्षेच्या चुका खासगीत कळवण्याचा मार्ग त्यांच्या संकेतस्थळावर वेगळा दिला आहे, तोच वापरा, आणि दुरुस्त आवृत्ती निघेपर्यंत त्याबद्दल इतरत्र लिहू नका.